अंगात येतं तेव्हा नेमकं काय होतं?

प्रश्न: माझ्या वहिनीचं वय 24, लग्नाला दीड वर्ष झालं. दादाची पहिली पत्नी बाळंतपणात वारली, हे त्याचं दुसरं लग्न. गेले चार-पाच महिने वहिनीच्या अंगात येतं. केस मोकळे सोडून घुमते, आवाज घोगरा होतो आणि "हे घर माझं, ही कोण?" असं विचारते. ती पहिली वहिनीच बोलते असं सगळे म्हणतात. अर्ध्या तासाने शांत होते आणि तिला काही आठवत नाही. आई गाणगापूरला न्यायचं म्हणते, मावशीने एका मांत्रिकाचं नाव काढलंय, दादा म्हणतो नाटक आहे. मी मानसशास्त्र शिकते. भूतबाधेबद्दल धर्म काय सांगतो, मानसशास्त्र काय सांगतं, आणि आम्ही करायचं काय?

उत्तर: सोलापूर भागात मी बरीच वर्षं मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. गाणगापूर इथून जवळ. त्यामुळे "बाहेरचं झालंय" म्हणून आधी तिकडे जाऊन आलेली आणि माझ्याकडून उठून तिकडे निघालेली, दोन्ही प्रकारची कुटुंबं रोज भेटतात. तुमच्या घरातल्या मतांपैकी आधी दादांचं मत घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. हे नाटक नाही. नाटक करणाऱ्याला आपण काय करतोय हे ठाऊक असतं आणि प्रेक्षक उठून गेले की ते थांबतं. तुमच्या वहिनींच्या बाबतीत, पत्रावरून तरी, तसं दिसत नाही.

माझी आठवण, माझा आवाज, माझ्या हातापायांवरचा ताबा आणि "ही मी आहे" ही जाणीव, हे सगळं एरवी एकत्र नांदतं, म्हणून आपल्याला ते एकच वाटतं. असह्य ताण आला, तो बोलून दाखवायची सोय नसली, की काही माणसांमध्ये ही गाठ सैल होते. मनाचा एक भाग बाजूला पडून स्वतंत्रपणे वागू-बोलू लागतो आणि उरलेल्या मनाला त्याचा पत्ता नसतो. याला आम्ही डिसोसिएशन म्हणतो. कल्पना जुनी आहे आणि ती मांडणाऱ्या पिएर जाने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाची एक केस तुम्ही विद्यार्थिनी म्हणून जरूर अभ्यासा.

1890 च्या सुमारास पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात 33 वर्षांच्या एका गृहस्थाला आणलं. जाने त्याला आशील म्हणतात. कामानिमित्त काही दिवस परगावी जाऊन आल्यापासून तो गप्प गप्प झाला, मग बोलणंच बंद झालं, आणि एके दिवशी तो भेसूर हसत सुटला. सैतान अंगात शिरलाय म्हणून ओरडायचा. तोंडातून देवाला शिव्या निघायच्या आणि लगेच रडत म्हणायचा की हे मी बोलत नाही, तो बोलतोय. जाने यांनी सैतानाला हाकलण्याच्या भानगडीत न पडता त्याच्याशी बोलणं सुरू केलं. आशीलचं लक्ष दुसरीकडे असताना त्याच्या हातात पेन्सिल दिली, मागून हळूच प्रश्न विचारले, आणि हात उत्तरं लिहू लागला. "तू कोण?" "सैतान." मग जाने म्हणाले, खरा असशील तर याच्या नकळत याचा हात वर करून दाखव. हात वर गेला. आता याला झोपवून दाखव. आशील झोपी गेला, आणि त्या झोपेत सगळं बाहेर आलं. त्या प्रवासात त्याने बायकोशी प्रतारणा केली होती. ते तिला सांगायची हिंमत नव्हती आणि गिळताही येत नव्हतं. जाने यांनी संमोहनात त्याला बायको समोर येऊन क्षमा करताना दाखवली, आणि हळूहळू सैतान गेला.

आशीलच्या देशात सैतान होता म्हणून सैतान आला. आपल्याकडे मुंज्या, हडळ, समंध, मरीआई येते. कोकणात देवचार येतो. अंगात कोण येणार हे परंपरा ठरवते. का येणार, याचं उत्तर त्या माणसाच्या आयुष्यात शोधावं लागतं.

आता तुमच्या घराकडे पाहू. बाळंतपणात गेलेली बाई मागे राहते आणि सवतीला धरते, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की दुसरेपणावर दिलेल्या मुलीला ती कुणी वेगळी सांगावी लागत नाही. कित्येक घरांत दुसरी बायको गळ्यात पहिलीचा टाक घालते. वहिनी 22-23 व्या वर्षी अशा घरात आल्या जिथे आधीच एक सून होऊन गेली होती. तिचं कपाट, तिचे दागिने, तिच्या हातच्या स्वयंपाकाच्या आठवणी तिथे असणार. मूल कधी, हा प्रश्न एव्हाना सुरू झाला असेल, आणि त्या घरात बाळंतपणाचा अर्थ मृत्यू असाही आहे. ही भीती वहिनी कुणाजवळ बोलल्या असतील? "हे घर माझं, ही कोण?" हा प्रश्न त्यांना स्वतःलाच रात्रंदिवस छळत असेल अशी दाट शक्यता मला वाटते. निदान पत्रावरून करता येत नाही. पण त्या अवस्थेतली वाक्यं जशीच्या तशी लिहून ठेवा. भूत काय मागतंय, कशाला नाही म्हणतंय, हे ऐकलं तर माणसाचं दुखणं कळतं.

हे ज्या बाईमुळे मला पक्कं कळलं, तिची हकीकत ओळख पटणार नाही अशा बेताने सांगते. खेड्यातली सून, दोन मुली, तिसऱ्यांदा दिवस गेलेले. अंगात मरीआई यायची. माझ्यासमोर बसली तेव्हा पदराचं टोक दातात धरलेलं आणि दोन्ही तळहातांवर रुपयाएवढे काळे डाग. देव खरा की खोटा हे पाहायला भगताने तिच्या हातावर कापूर जाळला होता. सासू कळवळून सांगत होती की आई येते आणि म्हणते, "पोटातलं माझं आहे, हात लावाल तर घर बसवीन." त्या बाईला यातलं काहीही आठवत नव्हतं. घरच्यांना बाहेर बसवून बोलायला सुरुवात केली तरी पहिल्या काही भेटींत ती फक्त मान हलवायची. मग एकदा तिने विचारलं, "चेक करायला नेणार आहेत, मुलगी निघाली तर काय करतील?" गर्भलिंग तपासणी गुन्हा आहे हे तिला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी सासऱ्यासमोर उभं राहून ती ते म्हणू शकली नसती. मरीआई म्हणू शकत होती. मरीआईपुढे सासरा हात जोडायचा. घरच्यांना बोलावून कायदा समजावला, नवऱ्याशी वेगळं बोलले, माहेरून आईला बोलावून घेतलं. मरीआई येणं कमी होत होत थांबलं. त्या बाईला मी जी औषधं दिली ती झोपेपुरती आणि गरोदरपणात चालतील तेवढीच होती.

म्हणून "आजार आहे" याचा अर्थ "खोटं आहे" असा कुणी काढू नये. आणि अंगात येणारं प्रत्येक माणूस आजारी असतं असंही नाही. नवरात्रात देवीपुढे किंवा खंडोबाच्या जागरणात कुणी घुमतं, आरती संपली की उठून कामाला लागतं, स्वतःला किंवा घराला त्याचा त्रास नाही. त्याला आम्ही आजार म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात "पझेशन ट्रान्स डिसऑर्डर" हे निदान आहे, पण त्याच्या व्याख्येतच लिहिलंय की ही अवस्था नकोशी आणि आपोआप येणारी असायला हवी, समाजाने मान्य केलेल्या धार्मिक विधीचा भाग नसावी, आणि तिच्यामुळे त्रास किंवा आयुष्याची अडचण व्हायला हवी. वहिनींच्या बाबतीत या अटी पुऱ्या होताना दिसतात.

पण त्याआधी शरीराकडे पाहायलाच हवं. इथे मी अजिबात तडजोड करत नाही. मेंदूच्या टेम्पोरल भागातून येणाऱ्या फिटमध्ये माणूस विचित्र वागतं, असंबद्ध बोलतं, नंतर आठवत नाही. झटका झोपेतही येत असेल, जिभेची कड चावली जात असेल, कपड्यात लघवी होत असेल, झटका एक-दोन मिनिटांचा आणि दर वेळी हुबेहूब तसाच असेल, तर आधी फिटचा विचार करायचा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत एखादी बाई झोपेनाशी झाली, मूल आपलं नाही म्हणू लागली, तर ती तातडीची वेळ आहे, त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं. 2007 मध्ये मेंदूज्वराचा एक प्रकार शास्त्रज्ञांनी ओळखला, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या पेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टर नावाच्या प्रथिनांवर हल्ला करते. बहुतेक रुग्ण तरुण मुली, काहींच्या बीजकोशात गाठ असते. काही दिवसांत वागणं पार बदलतं, ओरडणं, तोंड वेडंवाकडं करणं, मग झटके आणि बेशुद्धी. कुणालाही भूतबाधाच वाटेल असं ते चित्र आहे, आणि वेळेवर उपचार झाले तर बहुतेक जणी बऱ्या होतात. ताप, डोकेदुखी, फिट किंवा थोड्या दिवसांत झपाट्याने बिघडत गेलेली तब्येत यातलं काही असेल, तर अंगारा लावत बसायला वेळ नसतो.

आता धर्माबद्दल. धर्म आणि मांत्रिक एकच, असं धरून चालणारे लोक दोन्ही बाजूंना आहेत. मला ते पटत नाही. बृहदारण्यक उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात मद्र देशातल्या पतंचल काप्याच्या घरची गोष्ट आहे. त्याच्या मुलीच्या अंगात गंधर्व आलाय. आलेले विद्यार्थी त्याला "तू कोण?" विचारतात, तो म्हणतो "सुधन्वा आंगिरस", आणि मग ते त्याला चक्क तत्त्वज्ञानाचा प्रश्न विचारतात. मारहाण नाही, धुरी नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांत भूतविद्या आहे हे आपल्याला सांगितलं जातं, पण चरकाने उन्मादाच्या निदानात काय म्हटलंय ते सहसा सांगितलं जात नाही: "नैव देवा न गन्धर्वा न पिशाचा न राक्षसाः। न चान्ये स्वयमक्लिष्टमुपक्लिश्नन्ति मानवम्॥" जो स्वतःहून क्लेशात नाही त्याला देव, गंधर्व, पिशाच, राक्षस कुणीही पीडा देत नाहीत. पुढे तो बजावतो की प्रज्ञापराधातून, म्हणजे आपल्याच बुद्धीच्या चुकीतून, झालेल्या रोगाचा दोष शहाण्याने देवांना, पितरांना, राक्षसांना देऊ नये. भुतं आहेत असं मानणाऱ्या काळातल्या वैद्याने हे लिहिलंय.

तुमच्या आईंच्या श्रद्धेतच याहून जवळची गोष्ट आहे. गुरुचरित्रात शिरोळच्या एका स्त्रीला समंधाची बाधा असते, तिची मुलं जगत नाहीत. कारण निघतं ते बुडवलेलं ऋण आणि त्यापायी जीव दिलेला ब्राह्मण. तिला सांगितलेला उपाय म्हणजे औदुंबराची सेवा आणि त्या मेलेल्या माणसाचं राहिलेलं उत्तरकार्य. मेलेल्याचं जे द्यायचं राहिलंय ते द्या, असा त्याचा अर्थ मी घेते. आणि नाथांच्या भारुडात तर भूत लागतं नारदाला, ध्रुवाला. शेवटी ते भूत सगळ्यांच्या ठायी असलेला परमात्मा निघतो, आणि लिंबू-नारळ-कोंबड्याच्या उताऱ्याने ते हलत नाही.

ख्रिस्ती परंपरेत येशूने भुतं काढल्याच्या कथा शुभवर्तमानात आहेत, आणि कॅथलिक चर्चमध्ये भूतनिवारणाचा अधिकृत विधी आजही आहे. पण 1614 च्या विधिग्रंथाच्या सुरुवातीच्या सूचनांतच असं आहे की धर्मगुरूने बाधेवर सहजासहजी विश्वास ठेवू नये. चर्चच्या कायद्यानुसार बिशपच्या स्पष्ट परवानगीशिवाय हा विधी करता येत नाही. गोव्यापासून रोमपर्यंत नियम एकच. 1999 मध्ये विधी सुधारला तेव्हाही मानसिक आजाराला बाधा समजू नका, हे ठामपणे सांगितलं गेलं. इस्लाममध्ये जिन्न आहेत, आणि त्यांच्या बाधेवर रुकय्या, म्हणजे कुराणातल्या आयती म्हणून फुंकर घालणं.

पण परवानगी असली, माणसं श्रद्धाळू आणि प्रामाणिक असली, तरी पुरत नाही. जर्मनीत बव्हेरियातल्या क्लिंगेनबेर्गच्या अ‍ॅनेलीझ मिशेल या विद्यार्थिनीला फिटचं निदान झालं होतं, औषधं चालू होती. 1975 ते 76 मध्ये बिशपच्या परवानगीने तिच्यावर 67 वेळा भूतनिवारणाचा विधी झाला. डॉक्टर मागे पडले, तिने खाणं सोडलं, आणि 1 जुलै 1976 ला, वयाच्या 23 व्या वर्षी, ती उपासमारीने गेली. वजन 30 किलोंच्या आसपास उरलं होतं. 1978 मध्ये आईवडील आणि दोन धर्मगुरू निष्काळजीपणाने मृत्यूला कारणीभूत ठरल्याबद्दल दोषी ठरले. तिच्यावर प्रेम करणारी माणसं होती ती. मला ही केस याच कारणासाठी सगळ्यात जास्त अस्वस्थ करते.

मग गाणगापूरला जाऊन लोक बरे कसे होतात, हे तुमच्या आई विचारणारच. होतात. काही जण खरोखर होतात आणि ते नाकारून चालणार नाही. 1775 मध्ये फादर गास्नर भुतं काढून शेकडो लोकांना बरे करत होते. बव्हेरियाच्या शासकाने चौकशी बसवली आणि फ्रान्झ मेस्मर या डॉक्टरला बोलावलं. मेस्मरने देवाचं नाव न घेता, नुसत्या स्पर्शाने, तेच झटके आणून दाखवले आणि घालवूनही दाखवले. त्याचं स्वतःचं चुंबकशक्तीचं स्पष्टीकरण पुढे चुकीचं ठरलं. पण उतरलं म्हणून भूत होतं हे सिद्ध होत नाही, हे त्या दिवसापासून उघड आहे. गाणगापूरला आरतीच्या वेळी ढोल-घंटा वाजतात, शेकडो लोकांमध्ये ओरडायची, रडायची, खांबाला लोंबकळायची मुभा असते. घरी तोंडातून ब्र न काढणारी सून तिथे गळा मोकळा करते आणि कुणी तिला वेडी म्हणत नाही. घरचे कामधंदा सोडून तिच्याबरोबर राहतात, दोष तिच्यावरून उचलून "बाहेरच्या"वर टाकला जातो. एवढं सगळं एका माणसाला मिळालं तर त्याचा परिणाम होणारच. 2002 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तमिळनाडूतल्या मुथुस्वामी मंदिरात राहायला आलेल्या 31 मनोरुग्णांचा अभ्यास छापून आला. सरासरी सहा आठवडे राहिल्यावर त्यांची लक्षणं सुमारे 20 टक्क्यांनी कमी झाली होती. गंमत नाही, काही औषधांइतका हा परिणाम आहे. आणि तिथे भूत उतरवायचा कुठलाही खास विधी नव्हता. राहायला जागा, जेवण, मंदिरातली छोटी कामं, सोबत नातेवाईक आणि मारहाण नाही.

त्याच तमिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे आग लागली आणि 28 मनोरुग्ण जळून मेले. दर्ग्याच्या आधाराने चालणाऱ्या खासगी निवासात त्यांना साखळ्यांनी बांधून ठेवलं होतं. त्यांना पळता आलं नाही.

मावशींनी सुचवलेल्या मांत्रिकाबद्दल म्हणून स्पष्ट लिहिते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर महाराष्ट्रात 2013 मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीतली पहिलीच नोंद भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने-साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, केस उपटणं, चटके देणं, चपलेचं पाणी पाजणं याबद्दल आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. पूजा, प्रार्थना, वारी, प्रदक्षिणा यांना हा कायदा हात लावत नाही. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने कुठल्याही मनोरुग्णाला साखळीने बांधणं सगळीकडेच बंद केलं आहे. त्या माणसाकडे जाऊ नका. "बंद खोलीत एकटीवर विधी करावा लागेल" असं कुणीही, कुठल्याही धर्माचा, म्हणाला तर तिथून उठा.

आता करायचं काय. आधी मनोविकारतज्ज्ञ, जवळ नसेल तर जिल्हा रुग्णालयाचा मानसिक आरोग्य विभाग. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. फिटची शंका वाटली तर ते ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, सांगतील. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी वहिनींशी एकटीने बोलावं असा आग्रह तुम्ही स्वतः धरा, कारण मारहाण, जबरदस्ती, माहेरच्या अडचणी सासू-नवऱ्यासमोर कुणी सांगत नाही. डिसोसिएशनवर गोळी नसते. सोबत नैराश्य किंवा भीतीचा आजार असेल तर त्यावर असते. मुख्य उपचार बोलण्याचा, आणि त्यात घरचे आलेच.

अंगात आलं की गर्दी हटवा, आसपासच्या टोकदार वस्तू, स्टोव्ह, काच बाजूला करा, एकच माणूस शांतपणे जवळ बसू दे. भुताला प्रश्न विचारायचे नाहीत, नवस बोलायचे नाहीत, रागावायचंही नाही. "वहिनी, मी इथे आहे, तुम्ही तुमच्या घरी आहात" एवढं सावकाश म्हणत राहा. नंतर "तू काय काय बोललीस" याची उजळणी करू नका. मात्र एरवीच्या दिवसांत त्यांच्या बोलण्याला घरात किंमत द्या. लक्ष फक्त अंगात आल्यावर मिळत असेल, तर अंगात येणं थांबायला कारणच उरत नाही.

दादांशी कुणीतरी बोलायला हवं. त्यांची पहिली पत्नी गेली, बाळाचं काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत, आणि थोड्याच काळात दुसरं लग्न झालं असावं. त्या बाईबद्दल घरात शेवटचं मोकळेपणाने कधी बोललं गेलं? तिचं श्राद्ध नीट झालं नसेल आणि आईंच्या मनाला ते टोचत असेल, तर करा, वहिनींनाही विचारून सामील करा. माझ्या शास्त्राचा याला विरोध नाही. गाणगापूरला जायचं असेल तर डॉक्टरांना भेटून झाल्यावर जा, गोळ्या सुरू असतील तर बरोबर घ्या, एकही चुकवू नका, घरचं बाईमाणूस सतत सोबत राहू दे, आणि तिथला कुणी "डॉक्टरचं औषध बंद करा" म्हणाला तर त्याचं ऐकू नका.

शक्य झालं तर पुढच्या वेळी मोबाईलवर मिनिटभराचं चित्रण करून डॉक्टरांना दाखवा, निदानाला फार मदत होते. वहिनी शांत असताना आधी त्यांची परवानगी घ्या, आणि दाखवून झालं की ते पुसून टाका. नातेवाइकांच्या कुठल्याही ग्रुपवर ते जाता कामा नये.